सायमालू-ताशची उतरण

कोरीव दगडांपाशी जिपाराला तो दिसला, तेव्हा मोबाइल दोन्ही हातांत धरून तो त्यावर फुंकर घालत होता.

"चहा गार करताय?" तिनं विचारलं.

"थंडीनं बंद पडलाय." ओल्या चष्म्यामागून त्यानं डोळे बारीक केले. "वाट त्यातच होती."

त्याचं नाव मेदेर. ओश शहरात त्याचं चष्म्याचं दुकान. सायमालू-ताशच्या डोंगरातल्या दगडांवरचे सूर्य, हरणं, नांगर बघायला एकटाच चढून आलेला. जिपारा खालच्या काझारमान गावची, जनावरांची डॉक्टर. कुरणातल्या घोड्या तपासून झाल्या, दुपार मोकळी मिळाली, म्हणून ती वर आली होती. आणि आता धुकं असं उतरलं, की हातभर अंतरावरचा दगडही धड दिसेना. पाठोपाठ गारा...

तिनं आपला मोबाइल काढला. नेटवर्क नव्हतंच, पण पायवाटांचा नकाशा तिनं घरूनच उतरवून घेतला होता. पडद्यावर निळा ठिपका लुकलुकला.

"हाही गारठेल," ती म्हणाली. "तुमच्या कोटाला आतून खिसा आहे?"

"आहे. छातीपाशी."

"मग ठेवा तिथे. मागेन तेव्हा द्या."

ती पुढे, तो मागे. मधूनमधून ती हात मागे करी. तो उबदार मोबाइल तिच्या तळव्यावर ठेवी. हळूहळू त्याची बोटं तिथे जरा जास्तच रेंगाळायला लागली... तिनंही हात ओढून घेतला नाही.

"पेशंटशीही इतकंच कमी बोलता, डॉक्टर?"

"माझे पेशंट चावतात. त्यांच्याशी गोड बोलावं लागतं."

"मीही चावून बघू का मग?"

"बघा. मुसकं आहे माझ्याकडे."

तो हसला — आणि तिचा पाय हवेत थांबला. नकाशावरची रेघ सरळ खाली जात होती. वाट मात्र दरडीनं गिळली होती. खालच्या घळीतून नुसता पाण्याचा आवाज. जिपारा दोन पावलं मागे सरली.

"दुसरी रेघ आहे?" त्यानं शांतपणे विचारलं.

"आहे. मेंढपाळांची. पण परत वर चढावं लागेल. आणि तीही खचली असेल तर?"

"तर पुन्हा बघू. तुम्ही... तू म्हणशील तिकडून जाऊ."

ते 'तू' तिनं ऐकलं. दुरुस्त केलं नाही. तिनं हात मागे केला. या वेळी मोबाइलसाठी नव्हे. त्यानं तो घट्ट धरला.

मेंढपाळांची वाट शाबूत होती. धुकं विरलं आणि संध्याकाळच्या उन्हात ते कुरणातल्या घोडेवाल्यांच्या तंबूपाशी पोचले. घोडीच्या आंबट दुधाचा वाडगा मेदेरनं दोन्ही हातांत धरला.

"तू नसतीस तर मी त्या घळीत असतो," तो म्हणाला.

"तू नसतास तर मी तिथेच रडत बसले असते." तिचे डोळे भरून आले. तिनं घाईनं नकाशा उघडला. "मागून येणाऱ्यांसाठी खूण करू या. इथे दरड आहे म्हणून."

दोघांनी मिळून खूण केली. मग नकाशा बोटानं सरकवत तो काझारमानपर्यंत आला.

"तुझी गल्ली यात नाही."

"कशाला हवी?"

"रविवारी येईन म्हणतो... आभार मानायला."

"आई विचारेल, हा कोण."

"काय सांगशील?"

"आभार मानायला आलाय, म्हणून."

"आणि त्याच्या पुढच्या रविवारी?"

जिपारानं त्याच्या हातातला वाडगा घेतला, काठोकाठ भरला आणि परत दिला.

"त्या रविवारी," ती म्हणाली, "आई विचारणार नाही."