मावसभावाचा राऊटर

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" हे वाक्य मी दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की घरी दार उघडतानाही तेच तोंडातून निघायचं. त्या दुपारी मी ते म्हटलं आणि पलीकडून कुणी बोललंच नाही. नुसता श्वास. मग एक पुरुषी आवाज, अगदी दबका...

"मॅडम... राऊटर गेला."

"गेला म्हणजे कुठे गेला, सर?"

"म्हणजे आहे इथेच. समोरच बसलाय. पण गेलाय."

आवाज छान होता, हे मी आधीच सांगून टाकते. उगाच नंतर लपवाछपवी नको. मऊ, थोडासा खरखरीत, नुकतंच झोपेतून उठल्यासारखा.

"तुम्ही काही केलं होतंत का त्याला?"

"मी? छे. आपोआप."

आपोआप. राऊटरच्या हेल्पलाइनवर बसलं की कळतं, जगात सगळं आपोआप बिघडतं. चहा आपोआप सांडतो, वायर आपोआप कुत्र्याच्या तोंडात जाते.

"दिवे किती लागलेत, सर?"

"एकच. आणि तो... कसं सांगू... धडधडतोय. दोनदा लुकलुकतो, थांबतो, परत दोनदा."

मी खुर्चीत ताठ झाले. आमच्या राऊटरचे तीन दिवे लागतात आणि मख्खासारखे लागून राहतात. धडधडणारा दिवा म्हणजे या गृहस्थाने राऊटरला आतून चालवणारं कंपनीचं सॉफ्टवेअर, ज्याला फर्मवेअर म्हणतात ते, काढून टाकलं होतं आणि हौशी लोकांनी बनवलेलं भलतंच काहीतरी भरलं होतं. तसलं फर्मवेअर भरलं की वायफाय आधी बंदच असतं, आपलं आपण चालू करावं लागतं. ते याला ठाऊक नव्हतं, म्हणून याचा राऊटर 'गेला' होता.

"आमच्या राऊटरला काळीज नसतं, सर," मी म्हटलं. "ते तुम्ही बसवलंत."

तो ओशाळून कबूल झाला.

"माझी खोली गच्चीवर आहे हो. तिथवर वायफाय पोचत नव्हतं. व्हिडिओतला मुलगा म्हणाला, चुटकीसरशी होतं..."

आता मी काय करायला हवं होतं ते ऐका. बाहेरचं फर्मवेअर आहे असं कळलं की "क्षमस्व" म्हणून फोन ठेवायचा, हा नियम. कारण आम्ही सांगत असताना राऊटर कायमचा मेला, तर गिऱ्हाईक कंपनीच्या मानगुटीवर बसतं. प्रत्येक कॉल रेकॉर्ड व्हायचा, आणि आमच्या सुपरवायझर त्यातले वेचून वेचून ऐकायच्या. पाठीमागे आम्ही त्यांना कानबाई म्हणायचो. माझ्या आधी त्या खुर्चीत बसणारी मुलगी याच कारणावरून घरी गेली होती, आणि मी अजून कायम झाले नव्हते.

मला घरी जायचं नव्हतं. घरी बाबांचं चपलांचं दुकान आहे. मी नोकरीसाठी निघाले तेव्हा ते म्हणाले होते, "जा. कायम झालीस तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही झालीस तर मुकाट्याने येऊन गल्ल्यावर बसायचं." लोकांच्या टाचा बघत जन्म काढायची माझी मुळीच तयारी नव्हती.

"मॅडम, राऊटर वहिनींचा आहे," तो कळवळून म्हणाला. "त्या दातांच्या डॉक्टरकडे गेल्यात. आल्या आल्या त्यांचा गणिताचा ऑनलाइन वर्ग असतो. दादा एक वेळ सोडून देईल. पण वहिनी चिडल्या की ओरडत नाहीत, पाढे म्हणायला लावतात. मी एकोणतीस वर्षांचा आहे, मॅडम."

मला हसू आलं, आणि तिथेच घात झाला.

"सर, नियमाप्रमाणे मी तुम्हाला काहीही सांगू शकत नाही. पण... माझा एक मावसभाऊ आहे."

"बरं?"

"नसत्या उठाठेवी करणारा. त्यानेही एकदा अस्संच केलं होतं."

तो घुटमळला. मग त्याच्या आवाजात हळूच उजाडलं. "अरेरे. मग त्या बिचाऱ्याने पुढे काय केलं?"

"बिचारा कसला, वेंधळा. त्याने मोबाइलच्या नेटवरून कंपनीच्या साइटवरचं मूळ फर्मवेअर कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. राऊटरच्या पोटावरचा मॉडेल नंबर वाचून, नेमकं तेच. मग केबलने राऊटर कॉम्प्युटरला जोडला."

"जोडला. म्हणजे... जोडला असणार त्याने."

कॉम्प्युटरची सेटिंग्ज मावसभावाने कशी बदलली, हे मी सावकाश सांगितलं. कीबोर्डची टकटक मला ऐकू येत होती.

"मग त्याने टाचणीने रीसेटचं बटण दाबून धरलं, आणि ते दाबलेलं असतानाच राऊटरचा स्विच चालू केला. दिवा भराभर लुकलुकायला लागेपर्यंत टाचणी सोडली नाही."

"मॅडम, तुमच्या मावसभावाला हात किती आहेत?"

"का?"

"एका हातात राऊटर, एका हातात टाचणी. आणि स्विच आहे टेबलाखाली, भिंतीला."

"पाय असतील ना त्याला."

थोडी खुडबुड झाली. मग धाडकन काहीतरी आपटलं. मी हेडफोन कानावर घट्ट दाबला. "सर?"

"मावसभाऊ पडला, मॅडम," आवाज खालून कुठून तरी आला. "पण टाचणी सोडली नाही त्याने."

मूळ फर्मवेअरची फाइल राऊटरमध्ये चढायला लागली. आता राऊटरला हात लावायचा नाही, वीज जाऊ द्यायची नाही, नाहीतर तो खरोखर जाईल, असं मी बजावलं.

"कळलं. केक फुगत असताना भट्टीचं दार उघडायचं नाही."

"तुम्ही केक करता?"

"बेकरी आहे माझी. पहाटेपासून दुपारपर्यंत राबतो, मग दिवसभर रिकामा. म्हणून तर ही वेळ आली."

आम्ही दोघं गप्प बसून वाट बघत राहिलो. खरं तर अशा वेळी गिऱ्हाइकाला होल्डवर टाकून गाणं ऐकवायचं असतं. मी नाही ऐकवलं. मला त्याचा श्वास ऐकायला बरं वाटत होतं.

"तीन दिवे," तो एकदम म्हणाला. "अगदी मख्ख." तेवढ्यात मागून एका बाईंचा आवाज आला, गालात कापूस असल्यासारखा. "भाऊजी, टेबलाखाली काय करताय?" आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरचा सहकारी करवादला. त्याचा आवाज घागरीत बोलल्यासारखा. "कोण माणूस आहे हा? फोन करतो, माझा नमस्कार ऐकतो आणि ठेवून देतो."

"माझाही ठेवला," पलीकडची म्हणाली.

मग घंटी माझ्या कानात वाजली.

"मॅडम, तुमच्या मावसभावाने परत तेच फर्मवेअर घातलं."

"का पण?"

"मूळच्यात त्याला करमेना."

मग हे रोजचंच झालं. वहिनी दुपारी आडव्या झाल्या की हा राऊटर बिघडवायचा आणि माझा आवाज लागेपर्यंत फोन करत राहायचा. दुरुस्ती त्याला एव्हाना पाठ झाली होती, पण मी सगळं पहिल्यापासून सांगायचे आणि तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकायचा. मधल्या वेळात मावसभावाची माहिती कळायची. मावसभावाचा पाव झकास होतो, पण केकवर नाव लिहिताना ओळ उतरणीला लागते. लग्नाचं विचारलं की तो पीठ मळायला पळतो.

"आणि मावसभावाची बहीण?" एकदा त्याने विचारलं. "ती... दिसते कशी?"

"मावसभावाला माहीत असेलच की."

"त्याने नीट बघितलेलं नाही कधी."

"मग त्याची चूक आहे."

"हो," तो हळूच म्हणाला. "फार मोठी चूक आहे."

त्या दिवशी मी पुढच्या तीन गिऱ्हाइकांना 'शुभ सकाळ' म्हटलं, भर दुपारी. वाईट एवढंच वाटायचं की मी त्याला भाऊ करून ठेवलं होतं. जगात इतकी नाती पडली होती. शेजारी म्हणता आलं असतं, मैत्रिणीचा दीर म्हणता आलं असतं. पण नाही, माझी अक्कल मेली नेमकी मावशीकडे चरायला गेली.

आणि मग कानबाईंनी केबिनमध्ये बोलावलं.

"बस," त्या म्हणाल्या. "मावशी काय म्हणतेय?"

"ब... बरी आहे."

"उद्या तुझ्या नोकरीचं ठरवायचंय. तुझे कॉल मी दिवसभर थेट ऐकणार आहे. बाहेरच्या फर्मवेअरबद्दल अवाक्षर निघालं, मग ते मावसभावाचं असो की काकाचं, तर माझा इलाज नाही." त्या दुष्ट नव्हत्या. म्हणून तर आदल्या दिवशी सांगत होत्या.

त्याला सावध कसं करणार? आम्ही बाहेर फोन लावायचा नाही, हाही नियमच. दुसऱ्या दिवशी माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल ठिपका लागला होता. म्हणजे कानबाई कानात. मी देवाला विनवत होते की आज याची बेकरी संध्याकाळपर्यंत चालू दे. दुपारी घंटी वाजलीच.

"नमस्कार, मी आपली काय..."

"मॅडम, आज राऊटर ठणठणीत आहे."

माझा जीव भांड्यात पडला. "छान, सर. मग आणखी काही..."

"मूळ फर्मवेअर घातलंय. आता नाही बिघडवणार. काल तुमचा आवाज लागायची वाट बघत राहिलो, वेळेत दुरुस्त केला नाही, वहिनींचा वर्ग अडला. एका मुलीची आज परीक्षा होती, तिचं गणित अर्धवट राहिलं. मला फोन करायला कारण हवं म्हणून त्या पोरीने का भोगायचं? लाज वाटली मला." तो थांबला. "पण आता कारणच उरलं नाही. म्हणून आज... विनाकारणच केलाय. मॅडम, मला तुमचा मावसभाऊ राहायचं नाही."

लाल ठिपका जागचा हलत नव्हता. "सर, आपला चुकीचा नंबर लागलाय," एवढं एक वाक्य, की मी कायम. बाबा गप्प, गल्ला दूर. आणि हा माणूस असा, की त्याने ते खरं मानलं असतं, माफी मागितली असती आणि परत कधी फोन केला नसता.

मी हेडफोनचा माइक तोंडाजवळ ओढला.

"मला मावशीच नाही," मी म्हणाले. "कधी नव्हतीच. राऊटर तुमचाच होता, आणि मी रोज नियम मोडून तुम्हालाच सांगत होते. कारण... दुपारी घंटी वाजली आणि तुम्ही नसलात तर मला डबा जात नाही. मला तुम्ही आवडता. चेहरा बघितलेला नाही, तरी आवडता."

पलीकडे काहीतरी खाली पडलं. बहुतेक तोच.

"झालं बोलून?" कानात तिसराच आवाज आला. "मी हिची सुपरवायझर. मी सगळं ऐकलंय."

"मीही," चौथा आवाज म्हणाला. "यांची वहिनी. फोन स्पीकरवर आहे. भाऊजी, उठा, आणि कागद घ्या."

"घ्या लिहून," कानबाई म्हणाल्या, आणि त्यांनी आमच्या ऑफिसचा पत्ता सांगितला. वहिनींनी तो पुन्हा म्हणून दाखवला. मधल्या मधे आम्हा दोघांना कुणी विचारलंसुद्धा नाही. "ती आज इथून निघेल ती परत यायची नाही. नियम मी कुणासाठी वाकवलेला नाही. तेव्हा न्यायला या."

नोकरी गेल्याचं वाईट वाटलं. टेबल आवरताना रडलेसुद्धा. घागरीतल्या आवाजाच्या सहकाऱ्याने त्याचा रुमाल दिला.

फाटकाबाहेर एकच माणूस उभा होता. उंच, किडकिडीत, कोपरापर्यंत पीठ. बेकरीवाला असून इतका वाळका कसा, हा माझा पहिला विचार. दुसरा सांगत नाही. आम्ही नुसतेच बघत राहिलो. फोनवर इतकं बोललो होतो, आणि आता दोघांची तोंडं शिवलेली.

"मॅडम..."

"मॅडम नका म्हणू. नोकरी गेली."

"माझ्यामुळे."

"तुम्ही कशाला श्रेय घेताय? मी माझी घालवली, शुद्धीत."

तो हसला. फोनवर हसायचा तेव्हा मला जे ऐकू यायचं ते असं दिसत होतं तर... डोळे जवळजवळ मिटून. मी बघतच राहिले, आणि पिशवीतला फोन वाजायला लागला. बाबा. आज निकाल आहे, हे ते बरे विसरतील.

"झालीस कायम?"

"नाही, बाबा. काढलं."

मला वाटलं होतं ते खूश होतील. ते म्हणाले, "जेवलीस का?" मग जरा थांबून, "कधी येतेस गल्ल्यावर?"

"गल्ल्यावर नाही, बाबा. नोकरी मी दुसरी बघते. रविवारी भेटायला येते." मी समोर पाहिलं. "एकटी नाही येणार."

फोनमध्ये दुकानाचा पंखा ऐकू येत राहिला.

"करतो काय?"

"बेकरी आहे त्याची."

बाबांनी आयुष्यभर माणसं पायांवरूनच पारखली. "चपला कसल्या घालतो?"

मी खाली पाहिलं. त्याच्या एका चपलेचा अंगठा तुटला होता आणि केकच्या खोक्याच्या दोऱ्याने बांधला होता. माझी नजर कुठे गेली ते बघून त्याने तो पाय दुसऱ्या पायामागे लपवला.

"बाबा, एक जोड तुम्ही घाला त्याच्या पायात," मी म्हणाले. "मला तो असाच आवडलाय."

पलीकडे बाबा हसायला लागले, आणि समोर हा कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.