टँकरथांब्याचा अहवाल

"अहवाल चोरीला गेलाय," असं म्हणत स्वरदा भानुमतीबाईंच्या गुलमंडीतल्या कचेरीत मटकन बसली.

गोकुळने पाण्याचा पेला पुढे केला. खासगी गुप्तहेर बाईंचा मदतनीस म्हणून त्याला एवढं मात्र छान जमायचं.

पाणीचोरी कशाने थांबते, यावर आजवर झालेला एकूण एक अभ्यास शोधून निष्कर्ष काढायचा, हे स्वरदाचं काम. यंदाच्या दुष्काळात टँकरथांब्यांवर पहारे बसवायचे का, ते उद्या त्यावरून ठरणार होतं. पहारा निरुपयोगी, टँकरची वेळ पाळा, असं सांगणारा एकच अभ्यास होता. तिच्या अनंतराव सरांचा, २०१३च्या दुष्काळातला. प्रत एकच. संगणकाच्या यादीत नाव होतं, पण ग्रंथालयाच्या कपाटात फाइल नव्हती.

"सरांना विचारलंस?" बाईंनी विचारलं.

"दोन मेल टाकले, उत्तर नाही. अहवाल मिळाला नाही तर लेखकाला गाठायचं, हे त्यांनीच शिकवलं. पण ते हल्ली राहतात कुठं, कुणालाच ठाऊक नाही."

तिचा सहकारी विश्वजित पहाऱ्यांच्या बाजूचा. बाईंनी त्याला गाठलं. "अहवाल माझ्या विरोधात जातो, खरंय. पण ग्रंथालयात मी कधी गेलोच नाही. आमचा सगळा शोध संगणकावर."

"हाच तो," गोकुळ कुजबुजला. बाईंनी लक्ष दिलं नाही.

मग तिघं ग्रंथालयात गेली. ग्रंथपाल सर्जेराव म्हणाले, "इथं आता येतंय कोण? अनंतराव तेवढे रोज यायचे. तीन आठवड्यांमागं झाडलं तवा फाइल व्हती. तवापासून तेबी नाय."

बाईंनी सूचीचा लाकडी खण ओढला. अहवालाचं पिवळं कार्ड जागेवर होतं. खाली निळ्या शाईत हर्सूलकडच्या एका इमारतीचा पत्ता.

"ही इमारत २०१३ साली होती?" बाईंनी सर्जेरावांना विचारलं.

"छ्या. नुसतं माळरान. टँकर तिथंच थांबायचे."

तासाभरात तिघं त्या इमारतीच्या पाचव्या मजल्यावर होती. दार अनंतरावांनी उघडलं.

"अहवाल आत आहे ना?" बाईंनी विचारलं. "ज्याला तो दडवायचाय, तो कार्डही नेईल. इथं तर जुन्या कार्डावर नव्या इमारतीचा पत्ता. कुणालाच ठाऊक नसलेला पत्ता लिहिणार कोण? तिथं राहणारा. फाइल गेली आणि तुमचं ग्रंथालयात येणं थांबलं. तुम्हाला घरी थांबायचं होतं."

"पण कशासाठी?" गोकुळला राहवेना.

"फाइल जागेवर असती, तर हिने फोटो काढले असते आणि गेली असती." अनंतराव स्वरदाकडे बघत होते. "नसली, तर मला गाठावं लागेल. म्हटलं, कुणीतरी येईल. फार एकटं वाटतं गं. पण तू खण उघडलाच नाहीस. हाताने शोधायचं, हेही शिकवलं होतं मी."

स्वरदाने मान खाली घातली. गोकुळला आपली खोली आठवली, पालथं घातलेलं एकच ताट.

"लेखक भेटला की शंका विचारायच्या, हाही तुमचाच नियम, सर," स्वरदा हळूच म्हणाली. "माझ्या बत्तीस आहेत. चार आज. बाकीच्यांसाठी दर सोमवारी येईन."

अनंतरावांनी अहवाल तिच्या हातात दिला आणि चहाला आधण ठेवलं. फडताळातून कप काढले. सहाही नवेकोरे, किमतीची चिठ्ठीसुद्धा तशीच.

गोकुळ त्या चिठ्ठ्या नखाने सोलायला लागला.