सरासरी माणसाला आई नसते

तांबडी धरणाचे दरवाजे आता माणूस उघडत नाही. कधी उघडायचे, किती उघडायचे, पाणी डावीकडे तालुक्याच्या गावावर सोडायचं की उजव्या सांडव्याने धामणसोंडच्या अंगावर, हे सगळं यंत्र ठरवतं. पुढाऱ्यांना त्याचा फार आनंद आहे. माणसं मेली की जबाबदार कोण, हा प्रश्नच मिटला.

हे यंत्र म्हणजे काय ते नीट सांगायला हवं, नाहीतर लोकांना वाटतं धरणावर कुठे रोबो बसवलाय. धरण प्राधिकरणाचा स्वतःचा क्लाउड होता. क्लाउड म्हटलं तरी आभाळात काही नव्हतं. वसाहतीतल्या जुन्या गोदामात गार हवेत ठेवलेली संगणकांची कपाटं होती, आणि बाहेरच्या कोणाला ती वापरता येत नसत, म्हणून तो खासगी. या कपाटांच्या ताकदीचा हवा तेवढा वाटा कापून त्यातून वेगळा संगणक उभा करता येतो. त्याला अंग नसतं, पण तो वागतो खऱ्या संगणकासारखा. त्याला आभासी यंत्र म्हणतात. पाणी धोक्याच्या खुणेवर गेलं की ठरलेल्या साच्यातून अशी हजारो आभासी यंत्रं आपोआप उभी राहत. प्रत्येकात सगळं खोरं भरलेलं असे, नदी, पूल, घरं, माणसं यांच्यासकट. याला तिथले लोक प्रतिखोरं म्हणत. एका प्रतिखोऱ्यात दरवाजे अर्धे उघडून बघायचे, दुसऱ्यात पुरे, तिसऱ्यात आणखी काही. पूर येऊन ओसरला की मेलेले मोजायचे आणि यंत्र पुसून टाकायचं. जिथे सर्वांत कमी मेले तो बेत खऱ्या धरणावर लागू व्हायचा. चहा उकळेपर्यंत सगळं आटोपत असे, आणि कोणालाही बटण दाबावं लागत नसे.

ही मांडणी कौस्तुभ नेर्लेकर या इंजिनिअरने लिहिली होती. यंत्र कधी उभं राहील, त्याला किती मेमरी द्यायची, त्यात काय भरायचं, निकाल आल्यावर काय करायचं, सगळं त्याचंच. हुशार माणूस, आणि वाईट अजिबात नव्हे. तेच तर दुखतं.

पहिल्या पुरानंतर धामणसोंडच्या सरपंच वंदना ढवण त्याच्या खोलीत येऊन बसल्या. पुरात त्यांचे मालक म्हशी सोडायला मागे गेले होते, ते आलेच नाहीत. असे गावातले पुष्कळ गेले.

“तुमच्या यंत्रात आमच्यातलं किती मेलं व्हतं?” त्यांनी विचारलं.

कौस्तुभने उगाच पडद्याकडे बघितलं. आकडा त्याला ठाऊक होता. “एकही नाही, ताई.”

“मग दाखवा मला.”

त्याने त्या दिवसाचं प्रतिखोरं पुन्हा उभं केलं. गाव सोडायची सूचना गेली आणि पडद्यावरची धामणसोंडची माणसं मुकाट्याने टेकडी चढून गेली. कोणी मागे वळून बघितलंसुद्धा नाही.

“ही कोण?”

“तुमच्या गावची माणसं.”

“ही आमची न्हवंत. ह्यांची म्हसरं कुठायत? ह्यांच्यात एक म्हातारं न्हाई?”

कौस्तुभने समजावून सांगितलं. तालुक्याच्या गावात घरोघरी फोन, घड्याळं, कॅमेरे. तिथल्या प्रत्येक माणसाच्या सवयी माहीत होत्या, म्हणून प्रत्येक माणूस पुरता भरला होता. लहान गावांची माहिती तुटपुंजी आणि मेमरीही वाचवायची, म्हणून तिथे सगळे सरासरी माणूस. हा सरासरी माणूस धडधाकट असतो आणि सूचना आली की निघतो. त्याला अंथरुणाला खिळलेली आई नसते, दावणीला म्हैस नसते. त्यामुळे उजवा सांडवा उघडणं यंत्राला दर वेळी फुकटात पडत होतं, आणि फुकटातलं कोण सोडतं?

“म्हंजे आमच्यापुरतीच जागा न्हवती तुमच्यात,” वंदनाताई म्हणाल्या.

जागा मग काढली गेली. त्याने साचा बदलला, प्राधिकरणाशी भांडून नवी कपाटं आणली. गावात माहिती गोळा करायला वंदनाताई स्वतः दारोदार फिरल्या. मनगटाला हालचाल टिपणारा पट्टा बांधा, घरात कोण आजारी ते सांगा, पाणी आलं तर तुम्ही कोणासाठी मागं फिराल तेही सांगा. लोक कुरकुरले. आमच्या घरातलं सरकारला कशाला, म्हणाले. “यंत्राला कळू दे आपल्यामागं कोण हाय ते,” एवढंच वंदनाताई म्हणायच्या. त्यांची सासू, आत्ती म्हणायच्या त्या तिला, मुलगा गेल्यापासून अंथरुणावरून उठली नव्हती. पहिलं नाव त्यांनी तिचंच दिलं.

आणखी एक गोष्ट त्यांनी मागितली. “सगळ्यांना एकच मेसेज लावता, कोन ऐकत न्हाई. ज्याला जसं सांगाय लागतं तसं सांगा की.”

कौस्तुभला ते पटलं. संदेशाचा मजकूर माणसागणिक यंत्राने ठरवावा, अशी एक ओळ त्याने साच्यात टाकली. यंत्र फार तर कोणाला अहो म्हणेल आणि कोणाला अरे, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

पुढच्या पावसाळ्यात वर डोंगरात ढगफुटी झाली. यंत्रं उभी राहिली, चालली, पुसली गेली. पाणी डावीकडे सोडलं तर फार माणसं मरत होती, म्हणून पुन्हा उजवा सांडवा उघडला. या वेळी निदान हिशेब खरा होता. वंदनाताई वरच्या आळीतली माणसं हलवत होत्या. खालच्या रस्त्यावर पाणी आलेलं दिसलं, तशा त्या घराकडे पळत सुटल्या. तेवढ्यात फोनवर मेसेज आला. “वंदनावैनी, आत्तींना बोटीनं शाळंवर नेलंय. औषधाची पिशवीबी घेतलीया. तुमी वर या.”

प्राधिकरणाच्या बोटी तालुक्याच्या गावात बांधलेल्या असतात हे त्यांना माहीत होतं. पण औषधाच्या पिशवीचं वाचलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. त्या टेकडीवरच्या शाळेकडे वळल्या.

शाळेत सगळं गाव होतं. बोट मात्र कोणी पाहिली नव्हती. बाळकू कदम बापाला हाका मारत वर्गावर्गातून फिरत होता, त्यालाही तसाच मेसेज होता. गावात अंथरुणाला खिळलेली चार माणसं होती. ती चारही गेली.

पाणी उतरल्यावर वंदनाताई कौस्तुभच्या खोलीत आल्या. त्याचा चेहरा उतरलेला होता.

“हे मी लिहिलं नाही, ताई. यंत्राने हजारो मजकूर लावून बघितले. खरं सांगितलं की तुमच्यातले सतरा जण मागे फिरत होते, त्यातले तेरा बुडत होते. बोटीचं सांगितलं की कोणीच फिरत नव्हतं.”

“त्या हजारांत एकदा तरी मी आत्तीला भाईर काढली का?”

“नाही. मी सगळे बघितले. दर वेळी तुम्हीही गेलात.”

“तर मला जाऊ द्यायचं व्हतं. दाराकडं बघत पडली आसंल ती. सून यील म्हनून वाट बघितली आसंल. आनि मी शाळंत बसलेवते, निवांत.” त्या रडू लागल्या. कौस्तुभला पाणी द्यायचंही सुचलं नाही.

“खोटं सांगायचं नाही, अशी एक ओळ टाकली की झालं. म्हणाल तर आत्ता टाकतो,” शेवटी तो म्हणाला.

“मग म्होरच्या पुरात?”

“लोक मागे फिरतील.”

“आनि ओळ न टाकता, ह्ये गावाला कळलं तर?”

तेही त्याने चालवून बघितलं होतं. त्याने पडदा त्यांच्याकडे फिरवला. गावाला कळलं की पुढे कोणताच मेसेज कोणी खरा मानत नव्हतं, आणि मरणारांची नावं पडद्यात मावत नव्हती. दोन-तीन नावं वाचून वंदनाताई उठल्या. ओळ टाका म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत.

गावात शिरल्यावर बाळकू दिसला. पडलेल्या भिंतीचा चिखल उपसत होता. फावडं टाकून तो पुढे आला.

“वैनी, काय म्हनला सायेब? लोक म्हनत्यात बोट आलीच न्हवती. मेसेज खोटा व्हता का?”

वंदनाताई त्याच्याशेजारी चिखलातच बसल्या.

“आलती रं, बाळकू,” त्या म्हणाल्या. “तुझ्या बाला आनि आमच्या आत्तीला घिऊनच निघालती. वाटंत उलटली.”