धुऱ्यावरची दुसरी रेष

खुशी, तो मोबाईल उलटा ठेव. आणि पियुष, तू दाराकडं पाठ करून बसू नको. मधेच मागं वळून पाहशील आणि माझ्या गोष्टीचं वाटोळं करशील. मागं काही नाही रे. असलं तरी तुला काय दिसणार, लेका? तुला परीक्षेत समोरचा पेपर दिसला नाही.

तर ही गोष्ट भातकुलीच्या पुढच्या एका गावची. गावाचं नाव सांगत नाही, तिथं आपली सोयरीक आहे. माणूस मात्र खरा. गजेंद्र त्याचं नाव. अकोल्याला ठिबकच्या नळ्या विकणाऱ्या एका दुकानात कामाला. कुणाला नळ्या टाकायच्या असल्या की यानं त्या वावरात जायचं, हातात एक पिवळं यंत्र धरायचं आणि धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधाबांधानं, एक चक्कर मारायची. आभाळातले उपग्रह गजेंद्राकडं पाहत राहतात, आणि चक्कर पुरी झाली की यंत्राच्या काचेवर वावराची रेष उमटते. जीपीएस म्हणतात त्याला. साबणाच्या वडीएवढं, पण पाण्यात पडलं तरी मरत नाही. आपल्यापेक्षा चिवट.

गेल्या वर्षी आखजीला गजेंद्र गावी आला. आखजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आपल्याकडं पितरांची. त्यांच्या नावानं पाण्याची घागर भरायची, पुजायची, पुरणपोळी आणि रस हाणायचा आणि दुपारी डाराडूर. पण बापानं, खुशालरावांनी, त्याला झोपू दिलं नाही. पोरगा कमरेला यंत्र अडकवून आला होता ना! तेही साहेबाला न सांगता आणलेलं.

"गज्या, चाल. धुरा मापून घेऊ. उद्या सकाळी तारेच्या कुंपनाचे खांब गाडाचे हायेत."

खुशालराव लय गोड माणूस. इतका गोड की मुंग्या लागाव्या. फक्त दरसाल नांगरताना शेजाऱ्याच्या धुऱ्यातून नांगराचं एखादं तास आपल्याकडं ओढायचे. या साली एक, पुढच्या साली एक. धुरा बिचारा पाय नसताना चालत राहिला. शेजारी होता नत्थुजी. तो रोज दिवेलागणीला हातात काठी घेऊन आपल्या वावराला चक्कर घालायचा आणि प्रत्येक कोपऱ्यावर काठी आपटायचा. ठक. गावातली पोरं त्याला चिडवायची. मीही चिडवायचो, खोटं कशाला बोलू.

आता आपल्याकडं रीत अशी, की धुरा मोजायचा तर दोन्हीकडच्या मालकांनी सोबत चालायचं. एकट्यानं चालून आणलेली मोज खोटी. नंतर कागदावर सही. नत्थुजी सहीवाला नव्हता, अंगठ्याचा माणूस. तोही अंगठा विळ्यानं मधोमध चिरलेला, त्यामुळं शाईचा ठसा उमटला की बरोबर दोन फाका दिसायच्या. खुशालराव बाभळीपर्यंत आपली हद्द लिहिलेला कागद घेऊन मागं लागले तेव्हा तो म्हणाला होता, "जुना धुरा म्हनसान तर अंगठा आत्ता घ्या. बाभळीपाशी मातर माहा अंगठा भेटनार नाई. जित्तेपनी नाई अन् मेल्यावर बी नाई."

आणि मग या आखजीच्या आधीच्या पावसाळ्यात तो साध्या तापानं मेला. मागं राहिली बायको, पार्बताबाई. तिला कोण विचारतो?

दुपारच्या उन्हात बापलेक वावरात पोचले. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झालेल्या, रान उघडं. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात कशा भेगा पडतात, पाहिल्या ना? कुत्र्याचं पिल्लू आत जावं अशा.

"बाभळीपासून चाल," खुशालराव म्हणाले.

"बाबा, बाभूळ नत्थूकाकाच्या वावरात हाये. जुना धुरा अलीकडं हाये."

"जुना धुरा त्याच्या डोक्यात होता. डोकं जयालं. चाल."

"अन् काकूले नाई बलावलं?"

"आता सरकार उपग्रहावर चालते अन् तू काकूले बलावतं काय? चाल बे, बैताडा."

गजेंद्र चालला. बापापुढं तो लहानपणापासून असाच चालायचा. अकोल्याची नोकरी धरली ती त्याचसाठी, की बापाच्या आवाजापासून चार तालुके दूर राहता यावं.

रात्री जेवायला बसताना त्यानं कमरेला हात लावला. यंत्र अडकवायची क्लिप होती. यंत्र नव्हतं.

घास हातातच राहिला. आदल्या वर्षी एका पोरानं असंच यंत्र हरवलं होतं, साहेबानं त्याला दुसऱ्या दिवशी दुकानाची पायरी चढू दिली नाही. नोकरी गेली की पुन्हा हेच गाव, हेच वावर आणि वर खुशालराव. गजेंद्र उठला.

त्याची बायको साधना म्हणाली, "सकायी जा ना वो. आज आखजी हाये. पितरं पानी प्यायले येतेत."

"आपले पितर आपल्या घरी येतीन. वावरात कोन येते?"

साधना घागरीवरचं झाकण सारखं करत म्हणाली, "ज्याचा जीव वावरात अडकला असन, तो."

गजेंद्र हसला. हसण्यासारखं काही नव्हतं, पण नवरा माणूस, करतो काय?

तिजेची चंद्राची कोर केव्हाच मावळली होती. गाडी रस्त्यावर लावून तो मोबाईलचा टॉर्च घेऊन वावरात शिरला. वारा नव्हता. दिवसभराची ऊब जमिनीतून वर येऊन राहिली होती. दुपारी जिथून चालला तिथूनच तो चालला, बाभळीपासून, वाकून, एकेका ढेकळाकडं पाहत. ढेकळं, पऱ्हाटीची खुंटं. यंत्र नाही. पुरी चक्कर मारून पुन्हा बाभळीशी पोचला. परत फिरला.

तेव्हा आवाज आला.

टीं.

त्याला इतका आनंद झाला! सेल उतरायला लागले की यंत्र असं ओरडतं. म्हणजे ते चालू आहे, जवळच आहे. तो आवाजाकडं गेला. उभा राहिला. वाट पाहिली.

टीं.

आवाज त्याच्या पायाखालून आला.

जुन्या धुऱ्याच्या कोपऱ्यावर एक भेग होती. तो पालथा पडला आणि आत पाहिलं. खोल, हिरवट उजेड. यंत्राची काच. दुपारी चक्कर पुरी करून परतताना क्लिपमधून सुटून गेलं असणार.

त्यानं हात घातला. कोपरापर्यंत. मग खांद्यापर्यंत. गाल मातीला टेकला. बोटं आत चाचपडली. दोन बोटांचं अंतर राहिलं. तो आणखी दाबला. खांदा सोलवटला. अंतर तेवढंच.

"ये ना बाप्पा वर," तो स्वतःशीच म्हणाला. "ये ना…"

आणि ते आलं.

म्हणजे… त्याच्या हातात ठेवलं गेलं. एखादा म्हातारा आपल्या हातात पैसे ठेवतो, मग आपल्याच बोटांवर आपला अंगठा दाबून मूठ बंद करतो… तसं.

तो अंगठा गार होता. मधोमध चिरलेला.

पियुष, मागं पाहू नको म्हटलं ना.

गजेंद्रानं हात ओढला. मूठ मिटलेली, म्हणून भेगेत अडकला. पुन्हा ओढला. निघाला. तो मातीत तसाच बसून राहिला, ओरडलाही नाही. ओरडायला श्वास लागतो.

काचेवर त्याची दुपारची रेष होती. बाभळीवरून गेलेली. एकच.

आणि दुसरी एक होती.

जुन्या धुऱ्यावरून. एक चक्कर नाही… कितीतरी. एकावर एक गिरवलेल्या. यंत्र भेगेत पडून होतं. आणि कुणीतरी ते घेऊन फिरत होतं. दुपारपासून.

काचेवर एक बारका बाण असतो. यंत्र जिथं, तिथं बाण. गजेंद्र बसलेला. यंत्र त्याच्या हातात.

बाण चालत होता.

पलीकडच्या कोपऱ्यावर पोचला. थांबला.

अंधारात, पलीकडच्या कोपऱ्यावर…

ठक.

बाण वळला. धुऱ्याधुऱ्यानं त्याच्याकडं यायला लागला. हळू. म्हातारा चालतो तसा. गजेंद्राला उठता येईना. बाण जवळ आला. आणखी जवळ.

थांबला.

ठक.

मातीचा हादरा त्याच्या मांडीला जाणवला.

घरी कसा पोचला, त्याला आजही सांगता येत नाही. खुशालराव ओट्यावर जागेच होते. त्यानं सगळं सांगितलं. बापानं यंत्र हातात घेतलं, लांबवर धरून काच पाहिली आणि हसला.

"मरेल मानूस वावर मापते काय? खोड ते रेष."

"बाबा, पाय पडतो. खांब जुन्या धुऱ्यावर गाडू."

"खोड."

यंत्र विचारतं, पुसायचं काय? हो की नाही? गजेंद्रानं एकदा बापाकडं पाहिलं. नोकरी वाचली होती, यंत्र सापडलं होतं, आता फक्त एक बटण. बापाचा आवाज पुन्हा चढला. त्यानं 'हो' दाबलं.

सकाळी खांब गाडले गेले, बाभळीपासून. पार्बताबाई आली आणि पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली. खुशालरावांशी बोललीच नाही.

"गजू, मोज झाली म्हनते. सोबत कोन चाललं?"

"यंत्र होतं, काकू."

"अन् त्याइचा अंगठा?"

गजेंद्र तारेचं भेंडोळं आवरायला वाकला. तिनं बाभळीजवळच्या खांबाला हात लावला. "देतीन," म्हणाली. "धुरा बरोबर असन, तर देतीन ते." आणि निघून गेली.

गजेंद्रानं तशीच अकोल्याची एसटी धरली. त्याचे साहेब म्हणजे दुकानाचे मालक केशवराव, त्यांच्या हातात यंत्र दिलं. त्यांनी ते कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि चावी जानव्याला बांधली. सुटलो, असं वाटून गजेंद्र संध्याकाळी गावी परतला.

साधना दारातच उभी होती. "बाबा कुंपन पाहाले गेले. अजून आले नाई."

गावातले तिघे-चौघे बॅटऱ्या घेऊन निघाले. वावरात खांब होते, तार होती. खुशालराव नव्हते. लोक हाका मारू लागले. गजेंद्र मात्र हाक मारेना. त्याच्या कानावर काहीतरी आलं होतं.

टीं.

"चुप बसा," तो म्हणाला. "चुप…"

टीं.

यंत्र अकोल्यात होतं. कपाटात. कुलुपात. त्यानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

जुन्या धुऱ्याच्या कोपऱ्यावर खुशालराव पालथे पडलेले होते. गाल मातीला टेकलेला. उजवा हात खांद्यापर्यंत भेगेत. अंग गार. डोळे उघडे.

हात निघेना. चौघांनी ओढला तरी निघेना. शेवटी कुदळी आणून भेग खोदावी लागली. हाताची मूठ घट्ट मिटलेली होती, म्हणून अडकला होता. सोडली असती तर माणूस सुटला असता, असं खोदणारा म्हणाला. डॉक्टर म्हणाले, छातीत कळ आली असेल. असेलही.

मूठ गजेंद्रानं उघडली. एकेक बोट.

पिवळं यंत्र. काच चालू. आणि काचेवर एकच रेष… जुन्या धुऱ्यावरची. त्यानं स्वतःच्या बोटानं पुसलेली.

यंत्र त्यानं खिशात टाकलं. बापाला अग्नी दिला आणि राख थंड व्हायच्या आत पहार घेऊन वावरात गेला. एकट्यानं सगळे खांब उपटले. मग पार्बताबाईच्या दारात जाऊन म्हणाला, "काकू, चाला माह्यासोबत." म्हातारी निघाली. जुन्या धुऱ्यावरून दोघं सोबत चालले. तिथं खांब गाडले.

तिसऱ्या दिवसाचं आटोपून तो अकोल्याला गेला. यंत्र केशवरावांच्या टेबलावर ठेवलं.

केशवराव चिडले. "अबे, हे कुठून आणलं? तुहं तर कपाटात हाये. तवापासून कुलूप उघडलं नाई म्या." यंत्र उलटं करून त्यांनी मागचा नंबर पाहिला. पुन्हा पाहिला. मग जानव्याची चावी काढली आणि कपाट उघडलं.

यंत्राच्या जागी काळ्या मातीचं एक ढेकूळ होतं. ऐन वैशाखात… ओलं.

आणि त्यावर अंगठा उठला होता. मधोमध चिरलेला. दोन फाकांचा.