परक्याचा घास

तिरानाच्या विमानतळाबाहेर हर्षाली गाय शोधत होती.

गाय नाही तर कुत्रं. कुत्रं नाही तर मांजर… अगदी चिमणीसुद्धा चालली असती! पण अल्बानियातल्या त्या लख्ख सकाळी समोर होत्या नुसत्या गाड्या आणि गाड्या भाड्याने देणारी दुकानं. हातात आईने दिलेला रव्याचा लाडू, पोटात कावळे ओरडतायत, आणि बाहेर म्हणून एक कावळा दिसेल तर शपथ.

तिचा नेम तसा साधा होता. रोजचा पहिला घास दुसऱ्या जिवाला द्यायचा, मग आपण तोंडात घालायचं. तोही परक्या जिवाला. घरच्यांना, मैत्रिणींना दिलेला चालायचा नाही. आपल्या माणसांना तर कुणीही देतं. बाबा दवाखान्यात मरणाच्या दारात होते तेव्हा तिने हा नेम धरला. बाबा बरे झाले, पुन्हा गोदाकाठी फिरायला जाऊ लागले, तरी तिने नेम सोडला नाही. पंचवटीत काही अडायचंही नाही. दार उघडलं की गाय उभीच.

"तुम्ही नाशिककडच्या का?"

हर्षाली दचकून वळली. सावळा, उंच, उन्हाने डोळे बारीक केलेला एक तरुण तिच्या बॅगेकडे बघत होता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"ही निळी पट्टी बांधलीय ना बॅगेला, ती आम्ही द्राक्षाच्या पेट्यांना मारतो. मी समाधान. पिंपळगाव बसवंतचा."

हर्षालीला एकदम हायसं वाटलं. गावचा माणूस भेटला म्हणून, आणि… तो परका होता म्हणूनही! तिने लाडवाचा तुकडा मोडला आणि पुढे केला. "घ्या ना."

"मला?"

"हो… आधी तुम्ही."

त्याने खाल्ला. मग तिने उरलेला लाडू असा काही गट्टम केला, की तो हसू लागला. "लय भूक लागली होती, आणि तरी आधी मला दिलात?"

ती नुसती हसली. नेमाचा गवगवा करायचा नसतो.

तेवढ्यात तिची मैत्रीण अंजली तणतणत बाहेर आली, मागोमाग तिचा नवरा सुनील, खाली मान घालून. "तीन-तीन चार्जर आणले या माणसाने! आणि गाडी चालवायचा परवाना ठेवला घरी, टीव्हीवर!"

"माझ्याकडे आहे परवाना," समाधान म्हणाला. द्राक्षांच्या व्यापाऱ्यांना भेटायला तो रॉटरडॅमला आला होता. काम उरकलं, व्हिसात आठवडा उरला, म्हणून डोंगर बघायला इकडे आला होता, एकटाच.

अंजलीने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "मांसमच्छी, दारू, मोठ्याने गाणी?"

"गाणी… थोडी."

"बसा मग. चालवा."

असा तो आठवडा सुरू झाला. गाडीचं स्टिअरिंग डावीकडे, रस्ता उजवीकडून, आणि समाधानच्या हाताला सवय आपल्याकडची. वळायचं म्हटलं की तो इंडिकेटरची सोडून चुकीची दांडी ओढायचा आणि ठणठणीत कोरड्या उन्हात वायपर करकर फिरायचे.

"पाऊस कुठे आहे हो?" हर्षाली मागून विचारायची.

"मॅडम, हा आमचा रस्त्याला नमस्कार असतो."

आरशात त्याचे डोळे हसायचे… आणि ती पटकन खिडकीबाहेर बघायची. बाहेर चेरीची झाडं, आळंब्यांसारखे सिमेंटचे जुने बंकर, डोंगरांवर अजून न वितळलेला बर्फ. श्कोदरच्या तळ्याकाठी संध्याकाळी सगळं गाव नटूनथटून फिरायला निघालं, तेव्हा ही दोघंही त्या गर्दीतून चालली. हातभर अंतर राखून. पण दोघांची पावलं कधी एका तालात पडायला लागली, तिलाही कळलं नाही.

हर्षालीला भीती वाटायला लागली ती तिथेच.

कारण पुण्याचं एक स्थळ नेमावरूनच मोडलं होतं. मुलाने तिचा गायीला घास देतानाचा व्हिडिओ काढला, घरच्या ग्रुपवर टाकला, आणि वर म्हणाला, "आमच्या सोसायटीत गाय नाही, लिफ्टमन आहे. चालेल?" सगळे हसले होते. नेम सोडला तर पुढे बोलू, असा निरोपही आला. ती सोडणार नव्हती. पण तेव्हापासून ती नेम चोरून पाळायची. आणि हा… हाही हसला तर? अंजलीला तिने गळ्याची शपथ घातली होती: "त्यांना सांगशील तर बघ."

थेथ नावाच्या डोंगरगावात सकाळी समाधानने घरमालकिणीची चूल मागून घेतली. आईने दिलेली भाजणी काढली आणि खमंग कांदा घालून थालीपीठं लावली. पहिलं थालीपीठ त्याने हर्षालीच्याच ताटात ठेवलं. लोण्याचा गोळा वर.

"सांगा कसं झालंय."

"आलेच हं…" तिने एक तुकडा मोडला आणि मागच्या दाराने बाहेर सटकली. कुंपणाशी गाढव उभं होतं. त्याने मान डोलावत तुकडा खाल्ला. ती आनंदाने परत वळली, तर खिडकीत समाधान उभा!

तो ताटात वाढत राहिला. पण दोन दिवसांनी सकाळी बेरातला, खिडक्याच खिडक्या असलेल्या त्या पांढऱ्या गावात, त्याने केलेल्या पोह्यांचा पहिला घास मांजराला गेला. आणि तोही त्याने पाहिला.

"मांजराला मीठ बरोबर लागलं का?" त्याने विचारलं. हसून, पण डोळे हसत नव्हते.

"तसं नाही हो…"

"नाय, नाय. शहरातल्या माणसाला आमच्या हातचं रुचत नसेल. सांगायचं ना सरळ, गाढवाला कशाला त्रास?"

तिच्या ओठांवर सगळं आलं होतं. पुण्याचं ते हसणं आठवलं… आणि तिने ओठ मिटले.

त्यानंतर चूल बंद, गाणी बंद. वायपर तेवढे फिरायचे. त्यावर कुणी हसायचं नाही.

समुद्राकडे उतरायच्या आधी लोगाराचा घाट लागतो. त्या सकाळी सगळे घाईत निघाले. न्याहारी गाडीतच करायची ठरलं. वाटेत मेंढरं भेटतीलच, रोजच भेटतात, असं हर्षालीने मनाशी धरलं होतं. पण घाटात धुकं असं दाटलं की पाइनची झाडंही दिसेनात. पुढे दरड कोसळलेली. रस्ता बंद. मागे-पुढे चिटपाखरू नाही.

सगळ्यांनी खाल्लं. हर्षालीने पाव मांडीवर तसाच धरून ठेवला. दुपार होत आली. तिचं डोकं गरगरायला लागलं.

समाधान मागे वळला. "माझ्या हातचं नाय ते, बेकरीचं आहे. आता तरी खा!"

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"अरे देवा!" अंजली उसळली. "मेली तुझी शपथ! अहो, नेम आहे तिचा! पहिला घास परक्या जिवाला दिल्याशिवाय खात नाही ती. आता या धुक्यात मी गाय आणू कुठून?"

समाधानचं तोंड उघडं ते उघडंच.

"म्हणजे… ते गाढव?"

हर्षालीने होकारार्थी मान हलवली.

"मांजर?"

पुन्हा मान.

आणि तो हसला! खो-खो, स्टिअरिंगवर डोकं टेकवून. हर्षालीचा चेहरा उतरला. हेच… हेच हसणं…

"तुमच्यावर नाय हो!" तो डोळे पुसत म्हणाला. "माझ्यावर हसतोय. थेथपासून मी त्या गाढवावर जळतोय! मला वाटलं, माझं थालीपीठ… अहो, मग सांगितलं का नाय?"

"सांगितलं की माणसं नेम सोडायला सांगतात."

"सोडायचं कशाला? चांगलं चाललंय की गाढवांचं." मग त्याचा आवाज खाली आला. "आमच्या द्राक्षं भरायच्या पॅकहाऊसमागे एक गाय आहे. दोन कुत्री. बदकंपण पाळता येतील…"

हर्षालीच्या छातीवरचा धोंडा कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला.

"पण ते नंतर," तो म्हणाला. "आत्ता चक्कर येतेय तुम्हाला. मला द्या घास. विमानतळावर दिला होतात ना लाडू? तेव्हा चालला होता."

तिने पावाचा तुकडा मोडला. हात पुढे नेला… आणि मध्येच थांबवला.

"तुम्हाला… नाही चालणार."

"का? मी जिवंत नाय?"

"परक्यालाच द्यायचा असतो," ती खाली बघत म्हणाली. "विमानतळावर… तुम्ही परके होता."

सुनीलने खोकल्यासारखं केलं, तर अंजलीने त्याला चिमटा काढला. समाधानचे कान लाल झाले होते. काय करावं ते न सुचून त्याचा हात कुठल्याशा दांडीला लागला, आणि वायपर करकर फिरू लागले.

टक टक! काचेवर कुणीतरी वाजवलं. धुक्यातून मागे एक ट्रक येऊन उभा राहिला होता. पांढऱ्या मिशांचा म्हातारा ड्रायव्हर खुणेने विचारत होता, रस्ता बंद आहे का?

"परका!" अंजली ओरडली. "अगं, परका आला!"

हर्षालीने काच खाली केली आणि दोन्ही हातांनी तो घास पुढे धरला. म्हातारा क्षणभर गोंधळला. मग त्याने घास तोंडात टाकला, हात छातीवर ठेवून मान लववली, आणि पुढे दरड बघायला निघून गेला.

"खा आता, बाई!"

हर्षालीने दुसरा घास मोडला. इतकी वर्षं दुसरा घास तिचा असायचा. तिने तो बोटांत धरला, थोडी थांबली… आणि दोन सीटांच्या मधून पुढे केला. समाधानच्या ओठांपाशी.

"हा चालतो," ती म्हणाली. "आपल्या माणसाला."

त्याने खाल्ला. बेकरीचा कोरडा पाव, पण असा सावकाश, जणू संपूच नये.

"नाव घ्यावं लागेल हं!" अंजली टाळ्या पिटत होती.

"घेईन," समाधान हर्षालीकडे बघत म्हणाला. "नाशिकला. तुमच्या आई-बाबांसमोर, त्यांनी विचारलं तर."

"विचारतील," हर्षाली हळूच म्हणाली, आणि तिसरा घास तिने स्वतः खाल्ला. कोरड्या पावाला इतकी चव असते, हे तिला आजच कळलं.

दरड हटवली तोवर धुकंही विरलं. शेवटच्या वळणावर खाली एकदम सगळा समुद्र उघडला. निळाशार, उन्हात न्हालेला. समाधानने वळायला दांडी ओढली.

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. वायपर करकर फिरले.

"पाऊस कुठे आहे हो?" मागून आवाज आला.

आरशात त्याचे डोळे हसले. या वेळी तिने खिडकीबाहेर पाहिलं नाही.