समोरच्या उतारावरची वेणी

त्या सकाळी लिफ्टचा अर्धा दांडा माझ्या वाट्याला आला, आणि उरलेला अर्धा रोमेडच्या.

आमच्या गावच्या जुन्या लिफ्टला बसायला जागा नव्हती. दोघांच्या मागे एक आडवा दांडा लागायचा आणि पायातल्या स्कीसकट डोंगरावर ओढत न्यायचा. एकटं कुणी आलं की लिफ्टवाला दिसेल त्याच्याशी जोडी लावून द्यायचा. उंची वगैरे बघायची त्याची पद्धत नव्हती. दांडा माझ्या कमरेला लागला आणि रोमेडच्या गुडघ्यांमागे.

रोमेड शेजारच्या खोऱ्यातला सुतार. चर्चच्या मनोऱ्यात घंटेचा लाकडी सांगाडा दुरुस्त करायला आलेला. दुपारी आमच्या खानावळीत जेवायचा. सूपमध्ये पावाचा अजून एक गोळा वाढू का, असं मी विचारायची आणि तो म्हणायचा, “वाढा.” अख्ख्या हिवाळ्यात आमचं बोलणं एवढंच. आणि मी वेडी त्या ‘वाढा’च्या प्रेमात पडले होते! आता त्याचं काम संपलं होतं. संध्याकाळच्या बसने तो जाणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

“आज सूप कोण वाढणार?” त्याने विचारलं.

“बाबा. पण ते विचारत नाहीत. एकच गोळा देतात.”

“मग जेवायच्या वेळेला तुम्हाला खाली न्यायलाच हवं.”

मी हसले... आणि दांडा दोघांच्याही मागून जवळजवळ निसटला. त्याने माझी बाही धरली, ती वर पोचेपर्यंत सोडली नाही.

वर ऊन पडलं होतं. रात्रभर पडलेल्या बर्फावर एक रेघसुद्धा नव्हती.

“तुम्ही पुढे व्हा,” तो म्हणाला. “मी येतो मागून.”

मी निघाले. बर्फ गुडघ्यापर्यंत, मऊ, बिनआवाजाचा. वळताना ओठांवर उडायचा आणि विरघळायचा. मध्यावर मी मागे पाहिलं. मी डावीकडे वळले की तो उजवीकडे वळत होता. माझ्या रेघेला त्याची रेघ छेदत होती, आणि उतारावर लांबच लांब वेणी पडत होती.

आमच्याकडे अशी वेणी फक्त लग्न ठरलेली किंवा झालेली जोडपी घालायची. तो उतार गावातल्या प्रत्येक खिडकीसमोर आहे, आणि पुन्हा बर्फ पडेपर्यंत वेणी पुसली जायची नाही. मग वेगळं काही सांगावं लागायचं नाही. हा परगावचा, याला काय ठाऊक? मी थांबायला हवं होतं. पण मी वळणं आणखी गोल केली.

खाली बेकरीवाली आगाथा पाव तसेच टाकून हात हलवत होती. खानावळीच्या दारात बाबा, हातात डाव.

“थांबा,” मी रोमेडला अडवलं आणि वेणीचा अर्थ सांगितला. कान गरम झाले होते. “तुम्हाला माहीत नव्हतं असं मी बाबांना सांगते. तुम्ही बसने जा, कुणी काही म्हणणार नाही.”

त्याने हातमोज्यांवरचा बर्फ झाडला.

“मनोऱ्याला खिडकी आहे,” तो म्हणाला. “या उताराकडेच. पहिल्याच आठवड्यात मी फादरना विचारलं, या वेण्या कसल्या?”

“मग?”

“मग काय... सांगाडा केव्हाच झालाय. मी नव्या बर्फाची वाट बघत बसलो होतो. मला तुमच्याच मागे यायचं होतं, बुर्गी.”

माझं नाव त्याला माहीत आहे, हेसुद्धा मला त्याच क्षणी कळलं.

बाबांनी काही विचारलं नाही. रोमेडच्या ताटलीत दोन गोळे वाढले. बस गेली. त्या वर्षी नंतर बर्फ पडता पडेना, आणि आमची वेणी येणारेजाणारे बघत राहिले.

आता तिथे खुर्च्यांची लिफ्ट आहे. उजाडायच्या आत यंत्र फिरून उतार सपाट करतं. वेणी कशाला म्हणतात, हे नव्या पोरांना सांगावं लागतं. रोमेडचे गुडघेही कुरकुरतात.

पण गेल्या जानेवारीत यंत्र बंद पडलं. सकाळी पडदा सारला, तर उतार कोरा. आम्ही चहासुद्धा घेतला नाही.

वर पोचल्यावर मी विचारलं, “गुडघ्यांचं काय?”

त्याने बुटाचा पट्टा आवळला.

“तू पुढे हो,” म्हणाला. “मी येतो मागून.”