मागच्या खुर्चीतली पाळी

ताईंचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातल्या नळाचा वायसर बदलत होतो. रविवार, दुपारचे तीन. ताई आमच्या सिनेगॉगमधल्या मुलांचा गट सांभाळतात. ही ज्यू पोरं दर आठवड्याला पुलाखाली राहणाऱ्यांना सूप आणि मोजे नेऊन देतात. तिथल्या टोपीवाल्या आजी पहाटे गेल्या, असं ताईंनी सांगितलं.

एकावर एक तीन टोप्या घालणारी ही बाई मला माझ्या मुलीच्या बोलण्यातून ठाऊक होती. सूप कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं तेवढं दाखव गं, असं म्हणून आजी माझ्या मुलीला चिडवायच्या. मुलगी त्या गटातच होती. मागच्या वर्षी, सोळाव्या वर्षी, तापाने गेली.

आमच्यात मृताला दफनापर्यंत एकटं ठेवत नाहीत. कोणीतरी जवळ बसून स्तोत्रं वाचतं. आजी आमच्यातल्या होत्या की नाही, कोणालाच माहीत नव्हतं. मुलं म्हणाली, एकट्या होत्या, एवढं पुरे. त्यांनी पाळ्या लावल्या, पण चार ते सहाला कोणी मिळेना. मी लगेच हो म्हणालो. माझी मुलगी गेली तेव्हा मी हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर कागदांवर सह्या करत तासभर अडकलो होतो, आणि ती वर एकटी होती. हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही.

दफनभूमीलगतच्या त्या खोलीला खिडकी नव्हती. फिनेलचा वास, एक मेणबत्ती, पांढऱ्या चादरीखाली आजी. त्यांच्यासमोर एक उंच मुलगा वाचत बसला होता. गटात नवाच आलेला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"ऊठ बाळा. आता मी आहे."

पायाला मुंग्या आल्यात की मुंग्यांना पाय, तेच कळत नाही, असं पुटपुटत तो लंगडत दाराकडे गेला. मी खुर्चीत टेकलो. तो पाठीमागून हलकेच म्हणाला, "काका... हिलाही उठवा हं."

"कोणाला?"

"दाराआडच्या खुर्चीत आहे ना, ती. माझ्या आधीपासून बसलीये. मी ऊठ म्हटलं, तर म्हणाली... घरचं कोणी येऊन सांगेल, तेव्हाच उठायचंय."

दार लागलं. त्याची पावलं लांब गेली.

मी पुस्तक उघडलं, ओळ शोधू लागलो. मग मुलाने सोडलेल्या ओळीपासून पाठीमागे कोणीतरी वाचू लागलं. अगदी हळू. दर ओळीनंतर धाप लागत होती... माझ्या मुलीला शेवटच्या आठवड्यात लागायची, तशी.

माझी मान हलली नाही. मेणबत्ती बोटभर उतरली. वाचणं थांबलं नाही.

सहाला पुढच्या पाळीची दोन मुलं आली. दार उघडलं, तेव्हा वाचणं थांबलं. एकाने मला उठवलं. दुसऱ्याने दाराआडची खुर्ची पुढे ओढली आणि तिच्यावरून हात काढून घेतला.

"काका, ही तापलीये."

दोन तासांत मी तिला एकदाही ऊठ म्हणालो नव्हतो.